अकरावा सांधा

—नाही नाही मावशी, असं एकेक करून विचारायचं नाही! एक का, दोन का, तीन का, असं करत बसलात तर आत तुमचा नंबर लागेल तरी हे संपायचं नाही. मी एक ते सोळामधला एक आकडा मनात धरलाय आणि तुम्हाला फक्त चार प्रश्न आहेत, मग अर्ध्यावर वार करायचा ना! आठपेक्षा मोठा आहे का, असं विचारा. विचारा तर. आहे, मोठा आहे! बघा, एका फटक्यात आठ आकडे कचऱ्यात. आता? बारापेक्षा मोठा? नाही. हां, आता कशा वळणावर आलात! दहापेक्षा? हो, दहापेक्षा मोठा. राहिले किती? दोनच. अकरा का? अकराच! अकरा, मावशी, अकरा! टाळी द्या. आजच्या दिवशी मी दुसरा कुठला आकडा धरणार होते?

हळू बोलू? बरं, हळू बोलते. पण इथं कानाच्या दवाखान्यात हळू बोलून कुणाला ऐकू येणार, तुम्हीच सांगा. तुमच्या त्या कानात कापूस आहे ना, मग मी ह्या बाजूला सरकते. नाही, मला काही झालेलं नाही, माझे कान ठणठणीत आहेत. मी बाबांना घेऊन आलेय. ते बघा आत, काचेपलीकडे, त्या कपाटासारख्या खोलीत बसलेत ना कानांवर डबडी लावून, हातात बटण धरून, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून—तेच. आवाज आला की बटण दाबायचं. दाबत नाहीयेत. बघा, अजून नाही… हां, दाबलं एकदा. चुकून असेल. मी त्यांना जिंकून आणलंय इथं! पैज लावून. सहा वर्षं आई म्हणत होती, एकदा कान दाखवून या, एकदा कान दाखवून या, आणि हे काय म्हणायचे, ज्याला गाव कानवाले म्हणतं त्याचे कान कोण तपासणार. आणि आज सकाळी अकराव्या सांध्यातून पाणी उडालं, ते थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या चष्म्यावर, आणि मी चिखलात नाचले. खरंच नाचले, हे बूट बघा.

थांबा, नीट सांगते. बाबा पाइपांची गळती शोधतात. जमिनीखालच्या. ही काठी आहे ना माझ्या मांडीवर, हिचं खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, वरचं कानाला लावायचं, आणि खाली पाणी कुठं फुसफुसतंय ते ऐकायचं. एकतीस वर्षं हेच. म्हणून कानवाले. मला शाळेत कानवाल्यांची पोरगी म्हणायचे, चालायचं मला. धरून बघा, किती हलकी आहे. वरचं टोक जरा खडबडीत लागेल हं, तिथं उंदरांनी कुरतडलंय. आमच्या सामानाच्या खोलीत उंदीर झालेत. मी दोन महिने पिंजरा लावलाय, रोज खोबरं बदलते, पण एक सापडेल तर शपथ. हुशार जात आहे.

तर काय सांगत होते—शाळा. शाळेच्या फाटकापासून मागच्या टाकीपर्यंत जमिनीखालून एक पाइप गेलाय, त्याला सोळा सांधे. सगळे नळ बंद असले तरी मीटर फिरतंय, म्हणजे कुठला तरी सांधा गळतोय. आणि वरून अंगणात नवीकोरी फरशी! मुख्याध्यापिकाबाईंनी बोट वर केलं—असं, पोरांना दाखवतात तसं—आणि म्हणाल्या, एकच खड्डा. एक. तो कोरडा निघाला तर यापुढं शाळेचं काम त्या यंत्रवाल्या कंपनीला. शाळेचं गेलं की शेजारच्या वसतिगृहाचं जातं, वसतिगृहाचं गेलं की सगळ्यांचंच. कारण गेल्या महिन्यात बाबांचे तीन खड्डे कोरडे गेले होते. तीन! ज्या माणसानं वर्षात एखादा चुकवला तर दोन दिवस जेवण गोड लागत नसे, त्याचे ओळीनं तीन. आणि तोंडानं काय? जमीन बदललीय. जमीन बदलली म्हणे! कान बदलला म्हणायला जीभ रेटत नाही.

तुम्हाला राग येईल, तुम्ही त्यांच्याच वयाच्या असाल, पण तुम्हा लोकांना काय होतं हो? अनुभव, अनुभव, अनुभव! एकतीस वर्षांचा अनुभव छातीशी धरून बसायचं आणि कुणी दाखव म्हटलं की तुला कळायचं नाही. मी म्हटलं, बाबा, अनुभव म्हणजे काय? तुमच्या त्या लाल वह्या! प्रत्येक गळती त्यांनी लिहून ठेवलीय: कुठं सापडली, किती खोल, वळणावर की सरळ, झाडाजवळ की रस्त्याजवळ, सांधा कुणी जोडलेला. चारशे बारा गळत्या. चारशे बारा, मावशी, आणि कुणी कधी एकत्र वाचल्या नाहीत! मी वाचल्या. तीन आठवडे बसले मांडी घालून. आमच्या कॉलेजात एक बारीक सर होते, वाऱ्यानं उडतील असे, ते म्हणायचे, कुठलीही गोष्ट शोधायला निघण्याआधी विचारा की तुम्हाला आत्ताच काय काय माहीत आहे. सगळ्या शक्यता सारख्या नसतात. सोळा सांधे म्हणून प्रत्येकाला सोळातला एक वाटा, असं नसतं. आणि खरंच, वह्यांमध्ये कसं लख्ख दिसत होतं! सरळ पाइपावर गळती क्वचित. वळणावर भरपूर. झाडाच्या मुळांपाशी भरपूर. आणि एक फिटर होता, त्याला सगळे घाईवाला म्हणायचे—त्यानं जोडलेले सांधे म्हणजे काय विचारूच नका, चौथी वही निम्मी त्याच्याच सांध्यांनी भरलीय. मी सोळांना शंभर गुण वाटले. अकरा सांधे जवळजवळ बाद झाले. उरले पाच: तीन, सहा, नऊ, अकरा, चौदा. त्यातही सहा आणि अकरा बरोबरीत, तीस-तीस गुण. सहावा फाटकाच्या वळणावर, अकरावा झाडाखाली.

आता ह्या दोघांत निवडायचं कसं? तर साक्षीदार हवा. आणि साक्षीदार एकच, तो तिथं बसलाय आत, बटण दाबत नाहीये. आता साक्षीदार चुकतो म्हणून त्याला हाकलायचं नसतं हं, ही ह्या शास्त्राची सगळ्यात गोड गोष्ट आहे! तो किती चुकतो ते फक्त माहीत हवं. शंभरातून शंभरदा खोटं बोलणारा माणूस असेल ना, तर तो सोनं आहे, तो म्हणेल त्याच्या उलट धरायचं, काम झालं. बिनकामाचा कोण? जो निम्म्या वेळा खरं आणि निम्म्या वेळा खोटं बोलतो. त्याच्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं. तर मी बाबांना मोजलं. घरी. काठीला चीर गेलीय का बघा जरा, असं सांगून त्यांना स्वयंपाकघराच्या पाइपापाशी बसवायचं, आणि मी भिंतीपलीकडं कधी नळ सोडायचा, कधी नाही. एका कानाला शंभर वेळा, दुसऱ्याला शंभर वेळा, दोन आठवडे. आई म्हणाली, ही पोरगी आणि हा माणूस, दोघं मिळून नळाचं वायसर घालवणार. डावा कान: शंभरात एक्कावन्न. नाणं! उजवा: सत्तर.

हसू आलं ना, मलाही आलं होतं. पहिल्यांदा. मग मी एक्कावन्नच्या आकड्याकडं बघत बसले आणि…

नाही, म्हणजे असं की एकदा रस्त्यावर काम चालू होतं, मागच्या महिन्यात, त्या तिसऱ्या कोरड्या खड्ड्याच्या वेळी. बाबा वाकलेले, काठी उजव्या कानाला, डावी बाजू रस्त्याकडं. आणि ट्रक मागं येत होता. तो मागं येताना वाजतो ना, टीं टीं टीं, अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. मी पलीकडून ओरडले, बाबा! आणि ते वळलेच नाहीत. मी परत ओरडले. ते आपले जमिनीचं ऐकतायत. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं म्हणून. एवढंच अंतर, ह्या खुर्चीपासून त्या कुंडीपर्यंत. आणि उठून मला म्हणतात काय, ओरडतेस कशाला, काम चाललंय ना! मी तशीच घरी आले. मग मला नोकरी लागली होती ना, त्या मोठ्या ऑफिसला कळवलं की पहिल्या तारखेला रुजू होत नाही. ते जाऊ द्या. ते कुणाला माहीत नाही, आईलासुद्धा नाही. तुम्हाला कसं काय सांगितलं मी? कानात कापूस आहे म्हणून असेल.

तर सत्तर! सत्तर म्हणजे काही वाईट नाही. एकदा विचारलं तर कच्चं, तीनदा विचारलं तर पक्कं. पण इथं गंमत आहे. बाबांना तीनदा विचारून उपयोग नाही! एकदा सहा म्हणाले की दहा वेळा सहाच म्हणणार, कारण कान नाही बोलत, हट्ट बोलतो. एकच माणूस तीच गोष्ट दहा वेळा सांगतो तेव्हा बातमी एकदाचीच असते, बाकी नऊ वेळा नुसता आवाज—हे जर घराघरांत कळलं ना, तर निम्मी भांडणं संपतील. बातमी म्हणजे धक्का, आमचे सर म्हणायचे. जे होणारच होतं ते झालं, त्यात बातमी कसली? आई रोज सकाळी ओरडते, त्यातून कळतं काय? शून्य. पण एखाद्या सकाळी ओरडली नाही, की आम्ही सगळे तिच्या कपाळाला हात लावायला धावतो. तर काल पहिल्यांदा बाबांनी सगळ्यांसमोर अंगणात ऐकलं, डोळे मिटून, मान हलवत, नेहमीच्या थाटात, आणि म्हणाले, सहावा. झालं. आता हट्ट कसा काढायचा? मी आईचा मफलर घेतला आणि त्यांचे डोळे बांधले.

अहो, अख्ख्या शाळेसमोर! मी म्हटलं, मी हात धरून नेईन, कुठल्या सांध्यावर उभे आहात ते सांगणार नाही, तुम्ही फक्त हो की नाही म्हणायचं. पाच जागा, तीन फेऱ्या, दर फेरीला क्रम बदललेला, चिठ्ठ्या टाकून. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, बांध. प्रत्येक खिडकीत पोरंच पोरं! कुणी ओरडतंय, आजोबा, डावीकडं खांब! शिपाईमामा तोंडाला रुमाल लावून हसतोय. दोन फेऱ्या अशाच धमालीत. काठी कानाला, मान तिरकी, बराच वेळ घ्यायचे आणि मग, हो. नाही. बहुतेक हो. मी म्हटलं, बहुतेक नाही चालत बाबा, हो का नाही? मग घंटा झाली, पोरं वर्गात गेली, अंगण एकदम रिकामं. बाबा म्हणाले, कोण आहे इथं? मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटीच. आणि मी वही काढून खाली बसले आकडे मांडत, तोंड वहीत. तिसरी फेरी कशी पटापट उरकली! मी नेऊन उभं करायची, मागं सरून वहीत बघायची, तोवर उत्तर तयार. नाही. नाही. नाही. हो. नाही. मला वाटलं, कंटाळले. जेवायची वेळ झाली होती.

आणि हिशेब, मावशी, काय सुंदर आला! अकराव्यावर तीनपैकी तीन हो. सहाव्यावर तीनपैकी एक. सुरुवातीला दोघं बरोबरीत, आता अकराव्याचे तीस तर सहाव्याचा एक! पाचही धरून शंभरात चौऱ्याण्णव. मी उड्या मारत गेले, बाबा, अकरावा! ते मफलर सोडत म्हणाले, सहावा. मी म्हटलं, अहो, तुमच्याच तोंडचे हो आहेत हे! म्हणाले, माझा अनुभव सांगतो सहावा. मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लागली पैज. अकराव्यात पाणी निघालं तर उद्याच्या उद्या मुकाट्यानं कानाच्या डॉक्टरकडं. आणि ते म्हणाले, लागली. सकाळी कुदळ मारली, दोन हात खाली गेलो आणि—चष्मा! बाईंचा चष्मा! आणि मी नाचले, आणि बाबा चिखलात उभे राहून नुसते हसत होते. हरलेला माणूस असा हसतो का हो? मला वाटलं, लेकीचं कौतुक.

अय्या, आता काय करतायत ते आत? डबडी काढली. डॉक्टरांच्या हातात काय आहे ते, चिमट्यासारखं? ठोकून कानाजवळ धरलं. बाबा मान हलवतायत, नाही. परत ठोकलं, आता कानामागं हाडावर टेकवलं. हात वर केला! बाबांनी हात वर केला! पुन्हा. कानाजवळ, नाही. हाडावर, लगेच हो. असं कसं काय? तुमचंही असंच होतं? हाडातून ऐकू येत होतं, कानातून नाही? मग म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे? ऑपरेशननं सुधारतं, खरंच? तुमचं सुधारलं ना पण? दोन महिन्यांत! मावशी, तुम्ही देवमाणूस आहात, हे आधी का नाही सांगितलंत? मी बोलू दिलं नाही, बरोबर आहे.

हाडातून. डोक्याच्या हाडातून… कुठलंही हाड चालतं का हो? म्हणजे जबडा? दात?

थांबा. ती काठी द्या जरा.

हे खालचं टोक, मातीचं. हे वरचं. हे उंदरांनी कुरतडलेलं. दोन्ही बाजूंनी सारखं. वर एक ओळ, खाली एक ओळ. उंदीर एवढा मोठा आ करतो का हो? साठ दिवस पिंजरा रिकामा, मावशी. साठ दिवस! रोज ताजं खोबरं! आणि मी जगाला सांगत फिरतेय, नवं काही दिसलं की मत बदलायचं असतं. कोण आहे इथं, म्हणाले. कुणी नाही, मी एकटीच. आणि मग पटापट, नाही नाही नाही हो नाही. लोकांसमोर काठी कानाला. कानवाले ना! चारचौघांत काठी तोंडात कशी धरणार? तीन खड्डे कोरडे घालवले, पण रस्त्यावर लोकांसमोर… मी आकडा चुकीचा लावला. सत्तर कानाचे होते. तिसऱ्या फेरीत कान नव्हताच.

काय म्हणालात? खड्डा कुठं खणायचा ते कुणी ठरवलं?

बाबांनीच. म्हणजे मी अकरावा म्हणत होते, ते सहावा, आणि मग तेच मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, पोरगी म्हणते तिथं खणा. हो, एकच खड्डा होता. हो, कोरडा गेला असता तर सगळं काम गेलं असतं, सांगितलं ना मघाशी. मग ज्याला सहाव्याची खात्री आहे तो माणूस… बाबा. ज्यांनी आयुष्यात मला भाजी निवडू दिली नाही. ते एकुलता एक खड्डा माझ्या जागी… शंभरातून किती वेळा होईल असं? एकदाही नाही. हजारातून? चिठ्ठ्या टाकल्या, डोळे बांधले, पण झाडाखालच्या फरशीला उतार आहे, पायांना कळलंच असणार कुठं उभे आहेत ते. त्यांना ठाऊक होतं. अकरावाच आहे हे ठाऊक असताना सहाव्यावर पैज लावली. हरायला. इथं यायला. सहा वर्षं आईला नाही म्हटल्यावर आता हो कसं म्हणायचं, म्हणून माझ्याकडून हरून… आणि मी चिखलात नाचले. मी नाचले आणि ते हसत होते.

मावशी, तुम्ही एकच प्रश्न विचारलात. एक. आणि मी तीन आठवडे वह्या—

दार उघडलं. आले. गप्प, आता एक अक्षर नाही, तुमच्या गळ्याची शप्पथ. मी जिंकलेय, एवढंच. बाबा! बसा ना. इकडून, उजवीकडून. काय म्हणाले? ऑपरेशन? हो का! बघा, मी म्हणत नव्हते? हरलात की नाही? हो, हो, माझ्या आकड्यांनीच आणलं तुम्हाला, नाहीतर तुम्ही कसले येताय. काठी? आहे ना, माझ्याकडं आहे. राहू द्या, मी धरते. कुणाशी बोलत होते? ह्या मावशींशी. असंच, घरचं. सामानाच्या खोलीतले उंदीर गेले म्हणत होते, आज पिंजरा काढून टाकते.

मावशी, तुमचा नंबर पुकारतायत. जा ना. जा.